हवाबीचं टोफू सँडविच

खोपोलीच्या शिळफाट्यावर बाजार संपतो, तिथून आत एक गल्ली जाते. त्या गल्लीत हवाबीचं घर. खोपोलीपासून कर्जतपर्यंत कुणाकडे निकाह असला, की मांडववाल्याच्या आधी हवाबीला विचारलं जायचं, "त्या तारखेला मोकळी हायस का?" तिनं हो म्हटलं तरच तारीख पक्की व्हायची. हे मी वाढवून सांगत नाही. आमच्या गल्लीतल्या दोन लग्नांच्या तारखा अशाच ठरलेल्या मला ठाऊक आहेत.

तिची एक खोड होती. रांधताना ती कधी चाखून बघायची नाही. भल्यामोठ्या डेगचीचं झाकण उचलायची, वाफ तोंडावर घ्यायची, क्षणभर डोळे मिटायची आणि म्हणायची, "मीठ कमी हाय." नाहीतर, "कांदा अजून कच्चा हाय, आच ठेवा." मिठाचा कुठे वास येतो का, असं विचारणाऱ्याला ती उत्तर द्यायची नाही. पण मीठ खरंच कमी असायचं.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये तिला करोना झाला. आठ दिवस ताप होता, मग उतरला. नवव्या दिवशी ती उठून चुलीपाशी गेली. नवरा बद्रुद्दीन टेंपो चालवतो. त्यानं तिच्यासाठी कोंबडीचा पातळ रस्सा टाकला होता. तिनं झाकण उचललं. वाफ आली, गरम लागली, आणि तिच्यात काहीच नव्हतं. नुसतं पाणी उकळत असावं तसं.

येईल परत, असं सगळेच म्हणत होते. शेजारणीचा वास महिन्याभरात परत आला. हवाबीचा आला नाही. जिभेला तिखट, मीठ, आंबट, गोड कळत होतं. पण जिरं आणि ओवा, दालचिनी आणि काडी, सगळं एकच झालं होतं. तिनं कुणाला सांगितलं नाही. आधी वाटलं, आठ दिवसांत येणारच आहे तर कशाला सांगायचं. मग इतके महिने गेले, की आता काय सांगायचं, असं झालं. लग्नाची बोलावणी येऊ लागली तेव्हा तिनं गुडघ्यांचं कारण काढलं. "आता उभं राहवत नाय," म्हणाली. लोक हळहळले आणि दुसरीकडे गेले.

दोन वर्षं ती घरात बसली. मग पळसदरीच्या धरणाजवळ एका लहानशा मुक्कामाच्या जागी तिला काम मिळालं. चार खोल्या, आठ तंबू, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं. पोहे, पिठलं, भाकरी, वरणभात, कोंबडीचा रस्सा. हे सगळं तिच्या हातात तीस वर्षं मुरलेलं होतं. कांदा झाला की नाही ते रंगावरून कळायचं, मसाला भाजला की नाही ते तेलाच्या आवाजावरून, पीठ जमलं की नाही ते बोटांना. नाक नसलं तरी भागत होतं. तिथली व्यवस्था सोनाली बघायची. दहिवलीची मुलगी, हॉटेलचा कोर्स केलेली, कामाला चोख. तिला हवाबीच्या हातचं आवडायचं. हवाबीला वाटायला लागलं होतं, की उरलेली वर्षं अशीच निघून जातील.

मग यंदाच्या जानेवारीत टोफू आला.

सोनाली मुंबईहून येताना सहा पाकिटं घेऊन आली. "चाची, पुढच्या शनिवारी बावीस जणांचा ग्रुप आहे. डोंगरावर चालायला जाणारेत. सकाळी बरोबर डबा हवाय, सँडविच. सगळे व्हीगन आहेत."

"म्हंजे शाकाहारी?"

"त्याच्याही पुढचे. दूध नाही, दही नाही, तूप, लोणी, चीज काही नाही. मधसुद्धा नाही. जनावराकडून आलेलं काहीच नको."

हवाबीनं जरा विचार केला. "मग भाजीचं दे ना. बटाटा घालू."

"बटाट्याचं ते दर वेळी खातात. त्यांनी टोफू मागितलाय, चवीचा. साधा नको म्हणाले, मसाला लावलेला हवा. पोटाला आधार पण झाला पाहिजे." सोनालीनं एक पाकीट तिच्या हातात दिलं. "सोयाबीनचं दूध काढून त्याचं पनीर करतात, तसं आहे बघ."

हवाबीनं पाकीट हातात फिरवलं. पाण्यात एक पांढरी वडी. साबणासारखी. "करून बघू," ती म्हणाली. चार पाकिटं स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये गेली, दोन सोनालीनं ऑफिसातल्या लहान फ्रिजमध्ये ठेवली, कारण इकडे जागा नव्हती. बुधवारी दिवसभर लाइट नव्हती. ऑफिसात इन्व्हर्टर होता, स्वयंपाकघरात नव्हता.

गुरुवारी सकाळी हवाबी नमुना करायला बसली. पाकीट थोडं फुगलेलं होतं. आतलं पाणी गढूळ होतं, वडी हाताला बुळबुळीत लागली. मासा असता, मटण असतं, दूध असतं, तर एवढ्यावरून तिला कळलं असतं. तिच्या डोळ्यांना आणि बोटांना जुनी ओळख होती. पण ही वस्तू तिनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. तिला वाटलं, हे असंच असत असेल. तिनं तुकडे केले, आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं हिरवं वाटण लावलं, तव्यावर परतलं, पावात भरलं आणि ताटली घेऊन ऑफिसात गेली.

सोनालीनं सँडविच तोंडाजवळ नेलं आणि झटकन खाली ठेवलं.

"चाची, हे नासलंय."

"काय?"

"किती घाण वास येतोय! तुम्ही हे हातात घेऊन इथपर्यंत आणलंत, तुम्हाला आला नाही?"

सोनाली तिच्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या आणि चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी आलं.

"चाची, तुम्हाला वास येत नाही का?"

खोटं बोलायला एवढा वेळ मिळाला होता, पण हवाबीला ते जमलं नाही. "नाय," ती म्हणाली. "करोनापासून."

सोनाली खुर्चीत बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं हवाबीला नंतर वाटलं. "बावीस माणसं डोंगरावर असती," सोनाली एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "गॅस गळला असता तर? तुम्ही एकट्या असता सकाळी तिथे." तिनं ताटली लांब सारली. "आज घरी जा चाची. मला जरा विचार करू दे. शनिवारचं बघते मी, बटाट्याचंच करू."

हवाबीनं ताटली उचलली, जाऊन सगळं फेकलं, तवा घासला. पदर सारखा करून ती परत ऑफिसच्या दारात आली.

"या फ्रिजमधली दोन चांगली असतील ना?"

"असतील. का?"

"ती माला दे. उद्या सकाळी सांगते."

घरी सून होती, सिद्रा. तिचा नवरा, म्हणजे हवाबीचा मुलगा शारिक, खालापूरकडच्या एका कंपनीत पाळीवर जातो. तीन वर्षांची गुड्डी ओट्याजवळ भांडी मांडून खेळत होती. सासू-सुनेचं वाकडं नव्हतं, पण मेतकूटही नव्हतं. स्वयंपाकघर हवाबीचं होतं. सिद्रानं चिरायचं, निवडायचं, धुवायचं. फोडणी द्यायची नाही. हवाबी कामावर जायची त्या दिवशी सिद्रा रांधायची, आणि संध्याकाळी हवाबी त्यात काय कमी होतं ते रंगावरून सांगायची.

हवाबीनं दोन्ही पाकिटं ओट्यावर ठेवली आणि पिशवीही हातातून न सोडता म्हणाली, "सिद्रा, माला वास येत नाय."

सिद्रा लसूण सोलत होती. तिनं मान वर केली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. "म्हाइत हाय अम्मी," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं तुला?"

"कोण सांगणार? घरात असते ना मी."

मग ते एकेक बाहेर आलं. दोन पावसाळ्यांपूर्वी सिद्रानं पातेलंभर दूध मोरीत ओतलं होतं. हवाबीनं त्या दिवशी तिला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सुनावलं होतं. माहेरी दुधाच्या नद्या वाहतात काय, असंही म्हणाली होती. दूध फाटलेलं नव्हतं. पण वास मारत होतं. एकदा बोंबलांचा डबा मांजरानं नेला म्हणून सिद्रानं शिव्या खाल्ल्या. मांजरानं नेला नव्हता, तिनंच बुरशी लागलेले बोंबील उकिरड्यावर टाकले होते. रोज सकाळी हवाबी उठायच्या आधी ती सगळे डबे उघडून हुंगून ठेवायची.

"आणि तू ऐकून घेतलंस? बोलली का नायस?"

"काय बोलू? तुमी लपवत व्हत्या. मीच पुढं होऊन कसं बोलू?" सिद्रा पुन्हा लसूण सोलायला लागली. "तुमाला वाईट वाटलं असतं."

हवाबी पाटावर बसली. गुड्डीनं येऊन तिच्या मांडीवर एक वाटी ठेवली. ती वाटी बाजूला ठेवून हवाबी म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. हे उघड आन् सांग, वास कसला येतो."

सिद्रानं पाकीट कापलं, नाकाशी नेलं. "चांगला हाय."

"चांगला म्हंजे काय? तसं सांगून माला काय कळणार? कसला येतो ते सांग."

सिद्रा गोंधळली. असं कुणी तिला कधी विचारलं नव्हतं. तिनं पुन्हा वास घेतला. "येतच नाय म्हटलं तरी चालंल. थोडासा... कच्चा हरभरा सोलतो ना, तसा. आन् ओल्या खडूचा."

"खडूचा?"

"शाळंत फळा पुसला का यायचा तसा."

हवाबी हसली. मग तिनं पदर खोचला. तुकडे करून हिरवं वाटण लावलं, तव्यावर टाकलं. एक तुकडा सिद्राच्या हातावर ठेवला. सिद्रानं तो मधोमध मोडला, हुंगला, खाल्ला. "वरून मसाला हाय. आतून अजून खडूच."

म्हणजे चव आत गेली नव्हती. हवाबीनं उरलेली वडी बोटांनी दाबली, पाणी सुटलं. आतच पाणी भरलेलं, मग मसाल्याला जागा कुठून मिळणार? तिनं वड्या स्वच्छ फडक्यात गुंडाळल्या, वर लाकडी पाट ठेवला, पाटावर वरवंटा. तास-दीड तास तसंच ठेवलं. फडकं ओलंचिंब झालं आणि वडी निम्म्या जाडीची, घट्ट झाली. मग तिनं वडीच्या बोटाएवढ्या पातळ चकत्या काढल्या. निम्म्यांना हिरवं वाटण आणि कोकमाचं आंबट आगळ, निम्म्यांना लाल मिरची, लसूण, धणे आणि तेल. मुरत ठेवल्या. संध्याकाळी तव्यावर दोन्ही बाजूंनी लाल केल्या.

लाल चकत्या एका पातेल्यात रचून तिनं मधे एक वाटी ठेवली. सिद्रानं निखारा आणला, हवाबीनं त्यावर चार थेंब तेल सोडलं. तूप चालणार नव्हतं. धूर उसळला, तिनं झाकण दाबलं. कबाबांना ती अशीच धुरी द्यायची. बोटांवर मोजत तिनं पाच मिनिटं जाऊ दिली आणि झाकण उघडलं. सवयीनं तोंड पुढे नेलं. डोळे चुरचुरले, बाकी काही नाही.

"सांग."

सिद्रानं डोळे मिटले. आता तिला ते जमू लागलं होतं. "लग्नात मांडवाच्या मागं डेगच्या लावतात ना... पहाटं तिकडून येतो, तसा. लाकडाचा, आन् मिरचीचा, आन् लांबून आल्यासारखा. खडू कुठंच नाय."

हवाबीनं मान हलवली. मांडवामागची पहाट तिच्या चांगली ओळखीची होती. मग गुड्डीला उचलून मांडीवर घेऊन बसली आणि एकदम म्हणाली, "हिच्या डोक्याचा वास कसा येतो?"

गुड्डी करोनानंतर जन्मली. दाईपासून शेजारणीपर्यंत सगळ्या त्या तान्ह्या टाळूला नाक लावून कौतुक करत होत्या तेव्हा हवाबीनंही लावलं होतं, आणि सगळ्यांसारखीच हसली होती.

सिद्रानं हात पुसले, खाली वाकून गुड्डीच्या केसांत नाक खुपसलं. गुड्डी खिदळली. "आता खोबरेल तेलाचा येतो. न् घामाचा. तान्ही व्हती तवा..." ती थांबली, शब्द शोधत राहिली. "गरम दुधात साखर विरघळते ना, तसा. आन् मागून थोडा आंबूस. नवं कापड उन्हात ठेवल्यावानी पण थोडा."

हवाबीनं गुड्डीच्या डोक्यावर गाल टेकला. सिद्रा उठून पाव आणायला गेली. तिला बाहेर जरा वेळच लागला.

बद्रुद्दीन घरी आला तेव्हा त्याच्यापुढे दोन सँडविचं ठेवली. त्यानं दोन्ही खाल्ली. "पनीर हाय?"

"सोयाबीन."

"धुराचं बेस हाय. दुसरं आंबट झालं." मग हवाबीनं त्यालाही सांगितलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. "चार वरसं?" तो म्हणाला. "मग गुडघे?"

"गुडघे बरे हायत."

"मी कर्जतहून दर महिन्याला तेल आणतो ते?"

"लावते ना. तुमी आणता म्हणून लावते."

बद्रुद्दीन तिच्याकडे बघत राहिला, आणि मग इतका हसला की त्याला ठसका लागला.

शुक्रवारी सकाळी हवाबी पळसदरीला गेली ती सिद्राला घेऊन. डबा सोनालीसमोर उघडला. सोनालीनं आधी वास घेतला. हवाबीनं ते बघितलं आणि वाईट वाटून घेतलं नाही. सोनालीनं खाल्लं. पूर्ण खाल्लं.

"सोनाली, मी चूक केली," हवाबी म्हणाली. "आधीच सांगायला पाहिजे व्हतं. आता माझं ऐक. ही माझी सून. ही हुंगंल, मग ताट बाहेर जाईल. हिच्याशिवाय माझ्या हातचं कायच जायचं नाय. गॅस पण हीच लावंल. जमत नसंल तर तसं सांग, मी रागवणार नाय."

सोनालीनं सिद्राकडे बघितलं. "दोघींना घ्यायचं तर मालकांशी बोलावं लागेल. एकदम हो नाही म्हणत. उद्याचं मात्र करू." मग कागद काढून ती कामाला लागली. आणखी टोफू दुपारपर्यंत मागवायचा. ब्रेडच्या पाकिटावर बारीक अक्षरात दुधाची पावडर लिहिलेली निघाली. मग बेकरीवाल्याला सांगून फक्त मैदा, मीठ, साखर, यीस्ट आणि तेलाचा पाव करून घेतला. लोण्याऐवजी शेंगदाणे आणि ओल्या खोबऱ्याची घट्ट चटणी. सोनाली जरा चाचरत म्हणाली, "चाची, भांडी वेगळी लागतील. आपल्या तव्यावर कोंबडी होते."

"मग त्यात काय? तू आण नवा तवा. मी माझ्या घरातली सुरी पण आणणार नाय."

शनिवारी बावीस डबे डोंगरावर गेले. दुपारी माणसं उतरली तेव्हा डब्यांतून खरं काय ते कळलं. कोकमाची सहा-सात सँडविचं अर्धी तशीच होती. आंबट जास्त झालं होतं, बद्रुद्दीन म्हणाला तसंच. काकडीला पाणी सुटून काही पाव ओले झाले होते. पुढच्या वेळी काकडी वेगळी द्यायची, असं सिद्रानं लगेच सांगितलं. पण धुरीचं एकही परत आलं नव्हतं.

त्या ग्रुपमध्ये साठीचे एक गृहस्थ होते. ते बूट काढून स्वयंपाकघराच्या दारात आले. "धुराचं कुणी केलं?"

हवाबी पुढे झाली.

"मी बारा वर्षांपूर्वी मांस सोडलं," ते म्हणाले. "त्याचं मला वाईट वाटत नाही. पण आमच्या घरी कोळशावर भाजायचे ना, तो वास मात्र मला आठवायचा. आज वरती बसलो होतो, डबा उघडला, आणि तो आला."

"माला पण आठवतो," हवाबी म्हणाली. मग तिनं त्यांना आपलं सगळं सांगून टाकलं. परक्या माणसापुढे, उभ्या उभ्या. ते शांतपणे ऐकत राहिले. जाताना त्यांनी तिला एवढंच सांगितलं, की यावर डॉक्टर असतात, दाखवून घ्या.

तिनं दाखवलं. पनवेलच्या डॉक्टरांनी नाक तपासलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू अशा चार वस्तू हुंगायला सांगितल्या. येईल की नाही, ते खात्रीनं सांगता येत नाही म्हणाले. ती नेमानं हुंगते. अजून तरी काही आलेलं नाही. मालकांनी महिनाभर घोळ घातला आणि सिद्राला आठवड्यातून तीन दिवस घेतलं. उरलेल्या दिवशी हवाबीही जात नाही. शिळफाट्याच्या घरात आता फोडणी सिद्राही देते. त्यावरून दोघींची अधूनमधून जुंपते. पण काय कमी आहे ते आता हवाबी रंगावरून सांगत नाही, विचारते.

एप्रिलमध्ये जवळच्या लौजीतले एक जण मुलीच्या निकाहसाठी आले. हवाबी पुन्हा काम करते असं त्यांच्या कानावर आलं होतं. तिनं त्यांना बसवलं, सरबत दिलं आणि आधी वासाचं सांगितलं. ते म्हणाले, घरी विचारून फोन करतो. दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला. बिर्याणी दुसरीकडे दिली होती. हळदीच्या संध्याकाळसाठी सव्वाशे सँडविचं हवी होती, निम्मी कोंबडीची, निम्मी त्या धुराच्या टोफूची. मुलाकडचे काही जण मुंबईचे होते. हवाबीनं हो म्हटलं. बिर्याणी हातची गेल्याचं तिला दिवसभर लागून राहिलं. दुसऱ्या दिवशी उठून तिनं कोळसा मागवला.

सँडविचं संपली. निकाहच्या दिवशी हवाबी पहिल्यांदाच मांडवात पाहुण्यांच्या बाजूला बसली आणि दुसऱ्याच्या हातची बिर्याणी जेवली. भात मोकळा होता, मटण शिजलेलं होतं, मीठ बरोबर होतं. एवढं तिला कळलं. बाहेर रस्त्यावर आल्यावर तिनं सिद्राला विचारलं, "कशी व्हती?"

सिद्रानं विचार केला. "वेलची जास्त झाली. आन् केवडा कायतरी स्वस्तातला व्हता, डोक्यात जात व्हता."

"हं," हवाबी म्हणाली, आणि हात करून रिक्षा थांबवली.